ऑफ

चिपळूणच्या आयटीआयमध्ये मास्तर म्हणायचे,
इंग्रजी नाही आलं तरी चालेल,
हा एक शब्द मात्र झोपेतही वाचता आला पाहिजे.
तीन अक्षरं. त्यातलं एक दोनदा.
न वाचता हात घातलास
तर पुढचं वाचायला दुसरा कोणी येईल.

एवढ्या भांडवलावर मी कुवेतला उतरलो.

महबूलात, चौथ्या मजल्यावर, सहाजणांच्या खोलीत
कळलं की शब्द मास्तरांच्या मुठीत मावणारा नव्हता.
शुक्रवार ऑफ.
उन्हाळ्यात अकरा ते चार उन्हातलं काम ऑफ,
सावलीतलं चालू.
सिंहली आचारी पातेल्यात नाक घालून म्हणतो, दूध ऑफ.
दुकानाच्या काचेवर पन्नास टक्के ऑफ,
कशाचे पन्नास ते आत गेल्यावर कळतं.
रोडेलची बायको व्हिडिओवर रडली
की त्याचा दिवसभर मूड ऑफ.
फोरमन कुंजुमोन बसमध्ये ओरडायचा, गेट ऑफ! गेट ऑफ!
आणि मी बरेच दिवस शोधत होतो
कुठलं गेट, आणि ते बंद कुठून करतात.

भुवड हसून हसून खोकला होता तेव्हा.
अनाजी भुवड, शृंगारतळीचा, माझ्या वरच्या बंकवर,
एकोणीस वर्षं इथे.
रात्री दिवा घालवायला खाली उतरायचा नाही,
काठीला चमचा बांधलेला,
त्याने वरूनच खटका टिपायचा
आणि म्हणायचा, "ऑफ",
शाळेत हजेरी द्यावी तसं.

त्या मंगळवारी पहाटे दिवा जळतच होता.
पाय हलवला. गार.
एसीने असेल, असं वाटलं.

दहाला सबरीचा वॉकीटॉकी वाजला.
सबरी टाइमकीपर, इजिप्तचा, इंग्रजी माझ्याएवढंच.
"भुवड? टुडे ऑफ?"
मी जिन्यात, पोलिसांच्या मागे.
म्हणालो, "ऑफ."
त्याने चौकटीत ओ काढला असणार,
गोल, नीट, नेहमीसारखा.

गावी फोन पारकरने केला.
दाभोळचा याकूब पारकर, खोलीतला सगळ्यात शांत आवाज.
पलीकडे भुवडचा चुलता, ऐकायला कमी.
"काका, अनाजी ऑफ झाला."
आमच्याकडे असंच म्हणतात.
मेला म्हणवत नाही, निधन पेपरात होतं.
कुठल्याशा इस्पितळात कोणी सोडलेला हा शब्द
आमच्या ओटीवर येऊन टेकला, तो उठलाच नाही.
चुलता म्हणाला, "ऑफ? सुट्टी गावली? कधी येतो?"

पारकरने फोन माझ्या हातात दिला.

कागदांना अकरा दिवस लागले.
अकरा दिवस सबरी चौकटीत ओ काढत राहिला.
कुठला ओ, हे त्याला कोणी सांगितलं नाही.
किंवा सांगितलं होतं, आणि तरीही.
ऑफचे पैसे कापत नाहीत.
महिनाअखेर भुवडचा पगार पुरता निघाला.

पेटी गेली त्या दिवशी मी मीना अब्दुल्लाला, सबस्टेशनात.
टेक ऑफ किती वाजता, मुद्दाम विचारलं नव्हतं.
ब्रेकर पाडला, कुलूप लावलं, लाल पाटी अडकवली,
पाटीवर माझा फोटो, खाली तीच तीन अक्षरं.
टेस्टर लावला. तार मेलेली होती.
पुन्हा लावला.
मास्तर, एकदा बघून भागत नाही.

वरच्या बंकवर आता शफिकुल आलाय, कुमिल्ल्याचा पोरगा.
काठी दाखवून विचारतो, ही कशाला?
सांगितलं.
दोनदा चुकला, भिंतीला चमचा लागला,
तिसऱ्यांदा खटका वाजला.
अंधार झाला. कोणी काही म्हणेना.
मग पलीकडच्या बंकवरून पारकर, हळूच,
हजेरी द्यावी तसा.